२,६०० रुपयांचा स्पीड मीटर आणि घाटातली पाच चलनं

गाडीत वेगळा लावायचा हा जीपीएस मीटर ओव्हरस्पीडच्या चलनापासून, म्हणजे दंडापासून, वाचवत नाही. दुकानदार काहीही सांगू दे. तेवढ्यासाठी घ्यायला निघाला असाल तर २,६०० रुपये खिशातच राहू द्या. तरी मी याला पाचपैकी साडेतीन देतोय. का, ते सांगायला जरा मागून सुरुवात करावी लागेल.

माझी टूर परमिटची पांढरी डिझायर आहे, सीएनजी. वाकड, हिंजवडी, बाणेर या भागातून मुंबई एअरपोर्टला सोडणं-आणणं हा मुख्य धंदा. अकरा वर्षं झाली, आठवड्याला पाच-सहा फेऱ्या एक्स्प्रेसवेवर. गाडी कागदोपत्री बायकोच्या नावावर आहे, त्यामुळे चलनाचा मेसेज माझ्या मोबाइलवर येत नाही, तिच्या येतो. २०२५ च्या एप्रिलात एकदा रात्री जेवताना तिने मेसेज वाचून दाखवला. "अहो, दोन हजार. स्पीड जास्त होता म्हणतायत."

मी हसलो. म्हटलं, कुणाचं तरी आपल्या नावावर आलंय. कारण माझ्या गाडीला कंपनीतूनच गव्हर्नर आहे. टूर गाडी ८० च्या पुढे जातच नाही, पाय फरशीला टेकवला तरी. समृद्धीवर कारला १२० चालतं, तिथे एकदा नागपूरचं भाडं घेऊन गेलो होतो, तर संभाजीनगरपासून पुढे अख्खी दुनिया मला मागे टाकून गेली. अशा गाडीला ओव्हरस्पीडचं चलन?

तिने फोटो उघडून मोबाइल माझ्या ताटाशेजारी ठेवला. नंबर माझा. टपावरचं कॅरिअर माझं. वेग ८४. जागा खंडाळ्याच्या खाली, मुंबईकडे उतरताना.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. गव्हर्नर करतो काय, तर ८० आले की इंजिनाचं इंधन तोडतो. बस्स. तो ब्रेक लावत नाही. सपाटीला आणि चढाला त्याची सत्ता. उताराला गाडी त्याचं ऐकतच नाही, वजनाचं ऐकते. आत चार माणसं, सीएनजीच्या टाकीने डिकी खाल्लेली म्हणून परदेशी निघालेल्यांच्या बॅगा टपावर, आणि खाली बोरघाट. त्यात ८० ला तरी तिथे कुठे परवानगी आहे? सपाटीला १००, पण घाटात कारला ६०. ६० ची पाटी आहे, खोटं कशाला बोलू. पण अकरा वर्षं ज्या रस्त्यावरून गेलो त्याच्या पाट्या मी वाचत नव्हतो. रोजच्या जिन्याच्या पायऱ्या कोण मोजतं?

पहिला मेसेज वाचेपर्यंत पुढची चार चलनं मी रस्त्यावर कमावून बसलो होतो, ती नंतर एकेक करून आली. दंड लगेच हातात पडत नाही, आठ-दहा दिवसांनी पडतो, आणि तोवर माणूस तीच चूक त्याच वळणावर रोज करत राहतो. माझा या कॅमेऱ्यांवरचा खरा राग हाच आहे. मामा शिट्टी मारायचा, पावती फाडायचा, चार शब्द सुनवायचा, पण त्याच दिवशी कळायचं तरी. पाच चलनांचे झाले दहा हजार. आता धंद्याचा हिशेब बघा. एअरपोर्ट ड्रॉपचे मला ३,२०० मिळतात. टोल २०२५ मध्ये जाता-येता ३२० आणि ३२०. गॅस हजार-अकराशेचा. परतीचं भाडं मिळालं तर देव पावला, नाही तर रिकामी गाडी. राहतात साडेचौदा-साडेपंधराशे. एक चलन दोन हजारांचं. म्हणजे जवळजवळ दीड दिवस फुकट गाडी हाकायची.

आमच्या ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर त्या दिवसांत दुसरा विषयच नव्हता. २०२४ च्या जुलैपासून एक्स्प्रेसवेवर कॅमेऱ्यांच्या कमानी चालू झाल्या, तेव्हापासून सकाळी 'गुड मॉर्निंग'च्या आधी चलनाचा स्क्रीनशॉट पडायचा. ट्रकवाले तर आमच्यापेक्षा तापलेले, त्यांना घाटात ४० आणि दंड आमच्या दुप्पट. २०२५ च्या जुलैत माल वाहतूकदारांनी ई-चलनाविरुद्ध संपच केला. ग्रुपवर तोडगेही यायचे. नंबरप्लेटला फिल्म लावा, कमान आली की ट्रकच्या बुडाला चिकटून जा, कमान आली की ब्रेक आणि गेली की रेस. यातला शेवटचा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात बिनकामाचा. कारण सरासरी वेगही मोजतात. या कमानीखालून किती वाजता गेलास, त्या कमानीखाली किती वाजता आलास, भागाकार करून मोकळे. शिवाय घाटात पुढचा अचानक ब्रेक मारतो तेव्हा मागच्या खासगी बसचे दिवे माझ्या आरशात किती मोठे दिसतात, ते मलाच माहीत.

तर अशात जूनमध्ये नाना पेठेत एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलो. नाव लिहीत नाही. मालकाने काउंटरवर साबणाच्या वडीएवढा काळा डबा ठेवला. "दादा, हा लावा आणि बिनधास्त झोपा. कॅमेरा एक किलोमीटरवर असला की बोलतो. पोलिसांची स्पीड गन पण पकडतो." झोपायचं कशाला, मी गाडी चालवतो, म्हटलं. ३,५०० सांगून २,६०० ला दिला, फिटिंगसह. फिटिंग त्याच्याकडे करू नका, का ते पुढे येईल.

'गन पकडतो' ही शुद्ध थाप. हा मीटर काहीच पकडत नाही. आत जीपीएस आहे आणि कुठे कुठे कॅमेरे आहेत त्याची एक यादी आहे. गाडी यादीतल्या जागेजवळ आली की बोलतो, एवढंच. कमानी हलत नाहीत, म्हणून त्या बरोबर सांगतो. पण रस्त्याकडेला पोलिसांची इंटरसेप्टर गाडी उभी करून गन लावतात ती आज वडगावला, उद्या आणखी कुठे. ती यादीत येणार कशी? लेझरची गन बटण दाबल्याच्या क्षणात वेग घेते. जुन्या हायवेला समोरचा ड्रायव्हर डिपर मारून सावध करतो ना, तेवढीही अक्कल या डब्याला नाही. पाच महिन्यांत तीनदा गनसमोरून गेलो, तिन्ही वेळा हा गप्प. चलन आलं नाही ते माझा पाय जागेवर होता म्हणून.

उतार संपतो तिथे वळणाआड गन लावून बसायचं, याला आम्ही सापळा म्हणतो आणि म्हणणार. इलेक्ट्रॉनिक यंत्राने चलन करायचं तर त्या टप्प्यावर ठळक सूचनाफलक हवा, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाठवायला हवी, असं केंद्राच्या २०२१ च्या नियमात आहे. हे मला ग्रुपवरच्या एका वकिलाच्या मुलाने दाखवलं. ड्रायव्हरांपैकी शंभरात दोघांनाही ते ठाऊक नसेल. पण त्याच जागी अपघातही होतात, हेही तितकंच खरं. उताराच्या पायथ्याशी काय काय होतं, ते नवले पुलामुळे पुण्यात कुणाला समजवायला नको.

आता वस्तूकडे. आकडे हिरवे, मोठे, समोरच्या काचेवर उमटतात. त्यासाठी काचेला आतून एक पारदर्शक तुकडा चिकटवावा लागतो. पहाटे आणि रात्री झकास. खंडाळ्यात धुकं असतं तेव्हा तर फार उपयोगी, मान खाली घालून काटा बघावा लागत नाही. दुपारी तीननंतर मुंबईकडे जाताना सूर्य समोर येतो आणि आकडे पुसल्यासारखे होतात. आवाज हिंदी, बाईचा. 'आगे स्पीड कैमरा है.' मराठी नाही. आवाजाच्या पायऱ्या तीन: मोठा, फार मोठा आणि बंद.

बोगद्यात जीपीएस जातं. कामशेतला, माडपला, भाताणला आत शिरलं की आकडा गोठतो. ९० ने शिरलात तर बोगदाभर ९०, तुम्ही थांबलात तरी. (हो, ९०. माझी ८० वाली गाडी नव्हे, पुतण्याची खासगी गाडी आणली होती तेव्हाचं सांगतोय.) बाहेर आल्यावर आठ-दहा सेकंदांनी भानावर येतो. घाटात जुना हायवे शेजारून जातो, कधी वर कधी खाली, तिथे याचा गोंधळ उडतो आणि भलत्याच रस्त्याची मर्यादा सांगतो. म्हणून मी त्याच्या मर्यादेवर विसंबायचं सोडलं आणि स्वतःची लावली. दोन बटणं एकदम दाबून धरली की अलार्म सेट होतो. सपाटीचं काम नाही, तिथे माझा गव्हर्नर आहे. घाटासाठी ५८ लावला.

आणि इथे मीटरने मला जे दाखवलं त्यासाठी साडेतीन तारे.

पहिल्या दिवशी पहाटे साडेचारला लोणावळा सोडलं, पाठीमागे नवरा-बायको झोपलेले. उतार लागला तसा सवयीने पाय उचलला, गाडी पाचव्यात. ५५, ५७. ५८ ला टुंई. पाय आधीच वर होता, आणखी कुठे उचलणार? ६०. ६१. टुंई टुंई. ब्रेकवर पाय ठेवला, ५४ झाले. सोडला, दहा-बारा सेकंदांत पुन्हा ५८. पुन्हा ब्रेक. घाट संपेपर्यंत मोजलं नाही, पण तीसेक वेळा तरी ब्रेक मारला असेल. खाली खालापूरला टोलसाठी काच उघडली तर गरम लायनरचा तो जळका वास. मागची बाई उठून म्हणाल्या, "काही जळतंय का हो?"

म्हणजे अकरा वर्षं मी हा घाट उतरत होतो तो पाचव्यात, आणि खरं सांगायचं तर गॅस वाचतो म्हणून बऱ्याचदा न्यूट्रलमध्ये. आमच्यातले निम्मे तसेच उतरतात, कबूल कुणी करणार नाही. चौकशीला हायवेवरच्या एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याकडे गेलो. चहा पिता पिता तो एवढंच बोलला, "ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर." आमच्या वडिलांनीही हेच सांगितलं असणार, मी ऐकलं नसणार. दुसऱ्या दिवशी खंडाळ्याला तिसरा टाकला. इंजिन ओरडायला लागलं, वाटलं काहीतरी बिघडतंय. पण आकडा ५६-५७ ला येऊन थबकला आणि तिथेच राहिला, ब्रेकला हात न लावता. एक-दोन तीव्र वळणांवर तेवढा पाय टेकवावा लागतो. घाटाचा टप्पा सतराएक किलोमीटरचा धरा. ८० ने पावणेतेरा मिनिटं, ६० ने सतरा. सव्वाचार मिनिटांसाठी मी दहा हजारांचं चलन आणि लायनर जाळत होतो.

गाडीचा काटा आणि हा मीटर यांत फरक पडतो, तोही सांगून ठेवतो. माझा काटा ६४ दाखवतो तेव्हा मीटर ६०. सगळ्याच गाड्यांचे काटे थोडं जास्तच दाखवतात, कमी दाखवत नाहीत. त्यामुळे काट्यावर ६० धरून उतरलात तरी भागतं. मग मीटर कशाला? मोबाइलवर नकाशा लावला तर कोपऱ्यात वेग फुकट दिसतो, कॅमेऱ्याचं चिन्हही येतं. खरं आहे, आणि खासगी गाडी असेल तर तेच करा. पण माझ्या मोबाइलवर दर पाच मिनिटांनी गिऱ्हाइकाचा फोन असतो, नकाशा फोनाखाली गाडला जातो, आणि उन्हात मोबाइल तापून बंद पडतो तो नेमका घाटात.

गिऱ्हाइकांचं काय? ऑगस्टमध्ये एक मुलगी, आयटीतली, हिंजवडीतून निघायलाच पाऊण तास उशीर. कामशेतपासून सुरू, "दादा, जरा दाबा ना." घाटात तिसऱ्यात गाडी गुरगुरायला लागली तेव्हा तिचा धीर सुटला. "दादा, चलन आलं तर मी देते, प्रॉमिस." मी काचेवरच्या हिरव्या ५७ कडे बोट दाखवलं. म्हटलं, ताई, चलन दहा दिवसांनी येतं, तेव्हा तुम्ही कुठल्या देशात असाल? ती हसली आणि गप्प बसली. विमान मिळालं. मिळालं नसतं तर रेटिंग एक स्टार आलं असतं, हेही मला माहीत आहे. गिऱ्हाईक उशिराचे तारे कापतं, सरकार घाईचे दोन हजार कापतं, आणि दोघांच्या मध्ये ड्रायव्हर. एका आजोबांना मात्र मीटर फार आवडला. वाशीपर्यंत ते स्वतःच वाचत होते, "एकोणसाठ! अहो, एकोणसाठ झाले!" डब्यातल्या बाईपेक्षा परवडले, मराठीत तरी होते.

आता फिटिंग. दुकानातल्या पोराने वायर लायटरच्या सॉकेटला न लावता आतून फ्यूजबॉक्सला जोडली, 'साफ दिसतं' म्हणून. जोडली ती चावी काढल्यावरही चालू राहणाऱ्या फ्यूजला. मीटर रात्रभर जागा. दोन दिवस भाडं नव्हतं म्हणून गाडी उभी होती आणि तिसऱ्या दिवशी पहाटे साडेतीनला चावी फिरवली तर नुसतं टक. बाणेरला गिऱ्हाईक बॅगा घेऊन खाली उतरलेलं. दुधाच्या टेम्पोवाल्याने केबल लावून चालू करून दिली, पण वीस मिनिटं गेली आणि तोवर त्यांनी दुसरी गाडी बोलावली होती. दुकानात गेलो तर मालक म्हणतो, "बॅटरीच जुनी असेल." बॅटरी आठ महिन्यांची, पावती दाखवली. मग पोराने मुकाट्याने वायर बदलली. चिकटपट्टीही दीड महिन्यात सुटली, मीटर वळणावर पायात पडला, क्लचखाली गेला असता तर काय? ती बदलून द्यायला तीन चकरा. वस्तूला साडेतीन देतोय, दुकानाला एकच, तोही त्या पोराने माफी मागितली म्हणून.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत घाटातलं नवीन चलन शून्य. जुनी पाच होती. तीन भरली, दोन राहिलीत. ग्रुपवर म्हणतात थांब, लोकअदालतीत कमी होतं. पण आरटीओ पासिंगची तारीख जवळ आली की एजंट पहिला प्रश्न चलनाचाच विचारतो. ऑक्टोबरात सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा मेकॅनिकने चाक काढलं आणि म्हणाला, "या वेळी पॅड बदलायची गरज नाही." मागची तीन वर्षं दर सर्व्हिसिंगला बदलत होतो. पॅडचे वाचले बाराशे, ते मी मीटरच्या खात्यात जमा धरलेत.

बायको अजून रोज जेवताना मोबाइल बघते. काही नसलं की पालथा ठेवते.

पुतण्याने मागच्या महिन्यात टूर गाडी घेतली. त्यालाही गव्हर्नर आहे, त्यालाही वाटतं आपल्याला कोण पकडतंय. त्याच्यासाठी हाच मीटर दुसऱ्या दुकानातून घेतला, २,३०० ला. फिटिंग करून घेतलं नाही. वायर लायटरला खुपसली आणि अलार्म ५८ ला लावून दिला.